टिपणीसकाकांचा गुरुवार

हॉलंडमधल्या फेल्डहोवनच्या मराठी मंडळींत शिरीष टिपणीस कुठे आहेत असं कोणी विचारलं, की उत्तर ठरलेलं असायचं, "बाहेर आहेत. फोन संपला की येतील." गणपतीची आरती असो की कोणाच्या मुलाचा वाढदिवस, काका दाराबाहेर थंडीत, एका कानात बोट घालून, जपानमधल्या नाहीतर कोरियातल्या कोणाशी तरी बोलत उभे असत. आमची कंपनी चिप छापायची यंत्रं बनवते. एकेक यंत्र बसएवढं. ते तासभर बंद पडलं तरी गिऱ्हाइकाचा जीव वरखाली होतो, आणि अशा वेळी ज्यांना फोन जातो त्या मोजक्या माणसांत काका होते.

जयंतीकाकू म्हणायच्या, "आमचे हे पाहुण्यासारखे घरी येतात. फरक एवढाच, की पाहुणा निघताना 'येतो' म्हणतो."

यावर सगळ्यांत मोठ्याने काकाच हसत.

मी २०१८ साली पुण्याहून इथे आले ती त्यांच्याच विभागात. ऑफिसात सगळे एकमेकांना नावाने हाक मारतात, त्यामुळे मीटिंगमध्ये मी त्यांना शिरीष म्हणायचे आणि सायकली काढायला खाली आलो की काका. त्यांचं घर माझ्यापासून दोन गल्ल्यांवर होतं. काका ठाण्याचे, काकू पेणच्या. दोघंही सीकेपी, खाण्याचे शौकीन. काकू पेणहून येताना बॅगेत कडवे वाल आणायच्या, ते भिजवून, मोड काढून, एकेक सोलून बिरडं करायच्या. "ह्यांना आवडतं," म्हणायच्या. काका जेवायला असतीलच याची खात्री नसायची. ते आले नाहीत की तो डबा माझ्याकडे यायचा.

काकांजवळ चौकटीच्या कागदाची एक वही असे. कुठलं यंत्र कधी बिघडलं, काय केलं, किती वाजता सुरू झालं, सगळं तारखेनिशी. घराचं मात्र काहीच लिहावं लागत नाही, असं ते म्हणत. "जयंती सांगते ना. आमच्यात लपवाछपवी नाही. सत्तावीस वर्षांत एकदाही नाही." हे ते इतक्यांदा आणि इतक्या अभिमानाने सांगत, की आम्हा तरुण मंडळींना त्यांचा थोडा हेवाच वाटायचा.

२०२०च्या मार्चमध्ये करोना आमच्या ब्राबांट प्रांतात आधी पसरला. गर्दीचा कार्निव्हल नुकता झाला होता. ऑफिस बंद झालं, विमानं बंद झाली, आणि जपानमधल्या एका नव्या यंत्राची चाचणी काकांना घरूनच, तिथल्या वेळेप्रमाणे, स्क्रीनवर बघत पुरी करायची होती. ती चाचणी शुक्रवारी संपायची होती. त्याच शुक्रवारी सकाळी काकांनी हाउसआर्ट्सना, म्हणजे आपल्याकडच्या फॅमिली डॉक्टरांना, फोन केला. काकूंना ताप होता. असिस्टंट बाईंनी विचारलं, कधीपासून आहे?

"कालपासून," काका म्हणाले. "गुरुवारपासून."

श्वास लागतो का? नाही. मग सुरुवातच आहे, पॅरासिटामॉल द्या, घरीच थांबा, वाढलं तर कळवा, असं त्या म्हणाल्या. रविवारी दुपारी अँब्युलन्स बोलवावी लागली. नऊ एप्रिलला काकू गेल्या. बावन्न वर्षांच्या होत्या.

अंत्यविधीला तीसच माणसांना परवानगी होती, तीही दीड-दीड मीटरवरच्या खुर्च्यांत. आम्ही बाकीचे लॅपटॉपवर होतो. काका आणि त्यांचा मुलगा अंबरीश पहिल्या रांगेत, मधे एक खुर्ची मोकळी सोडून बसलेले दिसत होते. तेराव्याला सगळे झूमवर जमलो. खूप जण बोलले. शेवटी काका बोलले, आणि त्यांनी एकच गोष्ट सांगितली.

"जयंतीला मी कधी कुठे नेलं नाही. एकदा नेलं. गेल्या ऑक्टोबरमध्ये. अंबरीश डेल्फ्टला शिकायला गेला होता, तेव्हा ती पहिल्यांदा मोकळी होती. हिरोशिमापासून तासाभरावर एक गाव आहे, कारखान्याचं. तिथे एक फ्रेंच पद्धतीची पॅटिसरी आहे, केकचं दुकान. म्हातारा जपानी मालक, तरुणपणी फ्रान्समध्ये शिकून आलेला. बारा वर्षं मी तिथे जातो. दरवेळी तिला म्हणायचो, तुला तिथे नेणार. शेवटी नेलं. तिने केक खाल्ला. मी विचारलं, कसा आहे? ती म्हणाली, अप्रतिम." काका थांबले. "अप्रतिम म्हणाली. म्हणजे तेवढं तरी माझ्या हातून झालं."

त्या दिवसापासून ही गोष्ट काकांची झाली. भेटायला येईल त्याला, फोन करील त्याला ते ती सांगत. शब्द तेच, थांबण्याची जागाही तीच.

दुसरी गोष्ट होती हाउसआर्ट्सची. काकांनी त्यांच्याकडे लेखी तक्रार केली. यंत्राच्या बिघाडाचा अहवाल करावा तसा त्यांनी वारांचा आणि तासांचा तक्ता केला होता. गुरुवारी ताप, शुक्रवारी फोन, रविवारी अँब्युलन्स. शुक्रवारी तपासलं असतं तर ती वाचली असती, असं खाली लिहिलं होतं. माझं डच त्यांच्यापेक्षा बरं, म्हणून पत्र मी तपासलं होतं.

डॉक्टरबाईंचं उत्तर आलं तेही मीच वाचून दाखवलं. त्यांनी आधी दुःख व्यक्त केलं होतं आणि मग लिहिलं होतं, 'ताप कालपासून असल्याचं आपण फोनवर सांगितलंत. हॉस्पिटलमध्ये दाखल होताना मात्र आपल्या पत्नीने स्वतः, ताप आदल्या रविवारपासून असल्याचं सांगितल्याची नोंद आहे. शुक्रवारी आम्हाला हे कळलं असतं तर आम्ही त्यांना त्याच दिवशी तपासलं असतं.'

काकांनी पत्र माझ्या हातातून घेतलं. मग म्हणाले, "खोटं आहे. एकमेकांना सांभाळून घेतायत. रविवारी ताप आला असता तर जयंतीने मला रविवारी सांगितलं असतं."

मी म्हटलं, "काका, तापात काही वेगळंच बोलल्या असतील."

"तापात माणूस वार विसरतो. पण ती माझ्यापासून लपवणार नाही."

तक्रार वरच्या समितीकडे गेली. करोनामुळे तारखा पुढे पुढे ढकलत सुनावणी २०२२च्या जानेवारीत ठरली.

मधे वर्षश्राद्ध आलं. पेणचे गुरुजी व्हिडिओवर होते, आणि काकांनी मला स्वयंपाकाच्या मदतीला बोलावलं होतं. गुरुजी म्हणाले, "पानात त्यांच्या आवडीचा एखादा पदार्थ वाढा."

"वालाचं बिरडं," काका लगेच म्हणाले.

अंबरीश तिथेच होता. त्याला मराठी सगळं समजतं, पण उत्तर तो इंग्रजीत देतो. तो हळूच म्हणाला, "दॅट्स युअर फेव्हरेट, बाबा."

"मग भरलं पापलेट. म्हणजे, श्राद्धाला नाही चालणार, पण..."

"दॅट्स ऑल्सो यू."

काका आठवत राहिले. स्क्रीनवर गुरुजी थांबून होते. सत्तावीस वर्षांत त्या घरात जे शिजलं ते सगळं काकांच्या नाहीतर अंबरीशच्या आवडीचं होतं, हे आम्हा तिघांच्या एकदमच लक्षात आलं. शेवटी काका म्हणाले, "तो केक. तो तिला आवडला होता. नक्की."

"विच केक?" अंबरीशने विचारलं.

ते काकांना सांगता येईना. त्या दुपारी दोघं दुकानात जेमतेम बसले आणि काकांना कारखान्यातून फोन आला होता. चाळीस मिनिटं ते बाहेर होते. परत आले तेव्हा काकूंच्या समोरची बशी रिकामी होती. फोटो एकच होता, काकू चहाचा कप धरून हसतायत, आणि बशी फोटोत नाही.

गुरुजींनी अनुभवी माणसासारखं समजून घेतलं. "खीर वाढा," ते म्हणाले.

त्या दिवसापासून काकांना एकच ध्यास लागला. तो केक कुठला, हे शोधायचं. दुकानाला ई-मेल नव्हता. आणि फोनवर काकांचं जपानी 'नमस्कार' आणि 'माफ करा' याच्या पुढे जात नव्हतं. पर्यटकांना जपान बंद होतं, पण यंत्रांसाठी जाणाऱ्या इंजिनिअरांना खास व्हिसा मिळत होता. २०२१च्या ऑक्टोबरमध्ये त्याच कारखान्यात काम निघालं. काकांनी स्वतःहून नाव दिलं. दुसरी मी. लॉकडाउनमध्ये मी थोडं जपानी शिकले होते आणि ते काकांना ठाऊक होतं.

विमानतळाजवळच्या हॉटेलात चौदा दिवस एकेका खोलीत बंद होतो. दाराबाहेर खुर्चीवर जेवणाचा डबा ठेवत. आम्ही भिंतीच्या अलीकडून पलीकडे फोनवर बोलायचो. काका रोज काही तरी आठवून सांगत. "वर फळ होतं बहुतेक. नाही, चॉकलेट असेल. तिला चॉकलेट आवडायचं का गं?"

"मला नाही माहीत, काका."

"मलाही," ते म्हणत.

त्या गावात पोचल्यावर पहिल्या रविवारी दुपारी आम्ही त्या दुकानात गेलो. लहानसं दुकान. दारावर फ्रेंच अक्षरं, आत लोण्याचा आणि भाजलेल्या साखरेचा वास. दाराशी हात धुवायचं औषध, काउंटरवर प्लास्टिकचा पडदा, एका वेळी तीनच गिऱ्हाइकं. पलीकडे काचेआड उंच पांढरी टोपी घातलेला म्हातारा चिमटीने केकवर काही तरी ठेवत होता. त्याने वर पाहिलंसुद्धा नाही. कपाटातले केक दागिन्यांच्या दुकानात मांडावेत तसे मांडलेले. खिडकीशी दोन टेबलं होती. एकावर खुर्च्या उलट्या करून ठेवल्या होत्या.

"ती इथे बसली होती," काका दुसऱ्या टेबलाकडे बघत म्हणाले.

काउंटरवर मालकाची बायको होती. साठीच्या पुढची, टापटीप. काकांनी क्षणभर मास्क खाली केला आणि त्या बाईंचे डोळे हसले. "हॉलंडचे," त्या म्हणाल्या. बारा वर्षं येणारं गिऱ्हाईक त्या विसरल्या नव्हत्या. मग त्यांनी मागे दाराकडे पाहिलं आणि विचारलं, "आणि बाईसाहेब?"

मी सांगितलं. जपानीत ते वाक्य मी हॉटेलात पाठ करून ठेवलं होतं. त्या बाई काउंटरमागून बाहेर आल्या, दोन पावलांवर उभ्या राहिल्या आणि खूप वेळ वाकून राहिल्या. काकाही वाकले.

मग मी विचारलं, "त्या दिवशी त्यांनी कुठला केक खाल्ला होता, आठवतं का? यांना तेवढंच जाणून घ्यायचंय."

बाई म्हणाल्या, "खाल्ला नाही."

मला वाटलं माझंच काही चुकलं. मी पुन्हा विचारलं. त्यांनी तेच सांगितलं, आणि मला कळत नाही असं पाहून फोन काढला, त्यात बोलल्या आणि भाषांतर माझ्यापुढे धरलं. ते इंग्रजीत होतं. 'पत्नीने इथे काही खाल्लं नाही. चंद्र येईपर्यंत ती खाणार नव्हती.'

काका माझ्या खांद्यावरून वाचत होते.

मग त्या बाई सांगत गेल्या, थोडं फोनवर, थोडं मला समजेल अशा सोप्या जपानीत, थोडं हातांनी. त्यांच्याकडे केक बांधून घेणाऱ्या प्रत्येकाला एक प्रश्न विचारायची पद्धत आहे. घरी पोचायला किती वेळ लागेल? त्यावरून खोक्यात बर्फाच्या पिशव्या किती घालायच्या ते ठरतं. लोक वीस मिनिटं सांगतात, तास सांगतात. काकूंनी पावतीच्या मागे पेनने चंद्र काढला आणि शेजारी साडेसात लिहिलं.

"असं उत्तर मला कोणी दिलं नव्हतं," बाई म्हणाल्या. "आमच्याकडे शरदातल्या चंद्राचा सण नुकताच होऊन गेला होता. मला वाटलं, यांच्याकडेही चंद्र बघत गोड खातात. मला फार आवडलं."

मी माझ्या फोनवरच्या पंचांगात तारीख पाहिली. सतरा ऑक्टोबर २०१९. आश्विन वद्य चतुर्थी. संकष्टी.

काकूंची संकष्टी कधी चुकायची नाही. पेणला त्यांच्या माहेरी गणपतीच्या मूर्तींचा कारखाना होता. एरवी मासे, अंडी सगळं खाणाऱ्या त्या घरात चतुर्थीला अंडंसुद्धा येत नसे. हे मला माहीत होतं. काकांनाही माहीत होतं. फक्त त्या दिवशी संकष्टी आहे हे त्यांना माहीत नव्हतं.

"पण बशी," काका मला म्हणाले. "बशी रिकामी होती. मी पाहिली. केकचा चुरा होता तिच्यात."

मी विचारलं. बाईंनी जरा संकोचून काकांकडे पाहिलं. काकांनी मान हलवली, सांगा.

काका फोनवर बाहेर गेल्यावर काकू काउंटरपाशी आल्या होत्या. अंडं नाही असं काय आहे, ते त्यांनी विचारलं. सगळ्या कपाटात तसं एकच होतं, लोण्याच्या पापुद्र्यांचे थर, मधे घट्ट साय आणि ताजे अंजीर. तो त्यांनी बांधून मागितला. संध्याकाळपर्यंत पापुद्रे मऊ पडू नयेत म्हणून बाईंनी थर एका खोक्यात आणि साय-अंजीर वेगळ्या वाटीत दिले, चंद्र उगवला की एकावर एक ठेवा म्हणून करून दाखवलं. मग काकूंनी एक रिकामी बशी मागितली आणि काट्याने खाल्ल्यासारखं करून दाखवलं. "नवऱ्याने फार हौसेने आणलंय, त्यांना वाईट वाटेल, असं त्या म्हणाल्या असाव्यात. शब्द मला कळले नाहीत, पण कळलं. मी आतून थोडा चुरा आणून बशीत टाकला. आम्ही दोघी हसलो." मग त्यांनी विचारलं, "मी चूक केली का?"

"नाही," काका इंग्रजीत म्हणाले. "नाही, नाही."

अंजिराचे ते केक त्या दिवशीही कपाटात होते. बाईंनी एक खोक्यात भरला आणि पैसे घ्यायला ठाम नकार दिला.

आम्ही बाहेर येऊन रस्त्यापलीकडच्या बाकावर बसलो. खोका काकांच्या मांडीवर होता.

"साडेसहाला मी हॉटेलवर आलो होतो," काका म्हणाले. "यंत्र परत अडकलं होतं, लगेच निघायचं होतं. भूक लागली होती. फ्रिज उघडला तर खोका. म्हटलं, अगं, माझ्यासाठी आणलंस वाटतं? आणि तिथेच उभा राहून पापुद्रे खायला लागलो. ती म्हणाली..." त्यांनी मांडीवरचा खोका सरळ केला. "ती म्हणाली, 'अहो, उभ्याने खाऊ नका. ते असं नाही खात, रचून खायचं असतं.' आणि तिने मला रचून दिलं. थर, साय, अंजीर, वर परत थर. बशीत घालून दिलं. मी तीन घासांत संपवलं आणि गेलो."

"मग काकूंनी उपास कशावर सोडला?"

विचारल्यावर वाटलं, विचारायला नको होतं.

"माहीत नाही," काका म्हणाले. "मी नव्हतो."

समोरून दोन शाळकरी मुली सायकलवरून गेल्या. दुकानातून एक माणूस छोटा खोका दोन्ही हातांत धरून बाहेर पडला. काका त्या खोक्याकडे बघत राहिले. मला वाटलं, ते केकचाच विचार करतायत.

"अवनी," ते म्हणाले, "मी शुक्रवारी हाउसआर्ट्सना फोन केला ना, तेव्हा ती माझ्या शेजारीच उभी होती. भिंतीला टेकून. मी म्हटलं, गुरुवारपासून. तिने 'हो' म्हणून मान हलवली. मी तिच्याकडे बघूनच बोलत होतो. म्हणजे स्क्रीन पुढ्यात होता, पण बघत होतो."

मी म्हटलं, "काका, त्याचा आणि याचा..."

"शुक्रवारी माझी चाचणी संपायची होती." त्यांनी घड्याळ पाहिलं. "तिकडे आता सकाळचे साडेनऊ वाजले असतील. अंबरीश उठला असेल."

त्यांनी फोन लावला. मी उठायला लागले तर त्यांनी हाताने थांबवलं. आवाज मला ऐकू येत होता.

"अंबरीश, तू त्या आठवड्यात घरीच होतास. युनिव्हर्सिटी बंद झाली होती. आईला ताप कधी आला रे?"

"बाबा, इज धिस फॉर द हिअरिंग?"

"नाही. माझ्यासाठी विचारतोय."

मग अंबरीश मराठीत बोलला, लहान मुलासारख्या मराठीत. "रविवारी. रविवारी सकाळी. आई म्हणाली, बाबाला नको सांगू, त्याचं शुक्रवारी संपेल, मग सांगते. ती तुझ्या समोर यायच्या आधी गोळी घ्यायची. मग ताप उतरायचा." त्याचा श्वास ऐकू येत होता. "मला वाटलं साधा ताप आहे. मग तू सगळ्यांना गुरुवार सांगायला लागलास. लेटरमध्ये पण. मग मला सांगता नाही आलं."

"दीड वर्ष तू हे..."

"आय वॉज नाइन्टीन, बाबा."

"हो," काका म्हणाले. "हो रे. तुझं काही नाही त्यात. ऐकतोयस ना? तुझं काही नाही. येत्या नाही, त्याच्या पुढच्या शनिवारी मी येतोय. तू घरी ये. आपण दोघं बोलू."

फोन ठेवल्यावर त्यांनी खोका माझ्याकडे दिला. "तू खा," म्हणाले. मी खाल्ला नाही. हॉटेलच्या फ्रिजमध्ये ठेवला, आणि दुसऱ्या दिवशी पापुद्रे मऊ पडले होते. पुढचे दहा दिवस काकांनी काम चोख केलं. पण कारखान्यातल्या लोकांशी बोलताना मधेच थांबून ते समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघत राहायचे, इतका वेळ, की ती बिचारी जपानी मंडळी अवघडून जायची.

फेल्डहोवनला परतल्यावर एका संध्याकाळी ते माझ्याकडे एक कागद घेऊन आले. "डच बघ जरा," म्हणाले. या वेळी तक्ता नव्हता. चारच वाक्यं होती. 'मी तुम्हाला गुरुवार सांगितला. ताप रविवारी आला होता. माझ्या पत्नीने हॉस्पिटलमध्ये सांगितलं ते खरं होतं. मी तक्रार मागे घेतो.' मी एक शब्द बदलला.

"पोस्टाने पाठवू या?" मी विचारलं.

"नको. मी पत्र वाचून दाखवायला लावलं होतं ना तुला, त्यांचं. मग माझं मी नेऊन देतो. तू चल फक्त. मधेच डच अडलं तर."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सायकलने गेलो. झाडांची पानं गळून रस्त्याच्या कडेला ओली होऊन पडली होती. दवाखान्यात मास्क लावून तीन माणसं लांब लांब बसली होती. काचेमागच्या असिस्टंट बाईंनी न बघताच विचारलं, "जन्मतारीख?"

काकांनी काकूंची सांगितली.

त्यांनी टाइप केलं, स्क्रीन बघितला. "या पेशंट आता आमच्याकडे नाहीत."

"हो," काका म्हणाले.

तेव्हा त्यांनी मान वर केली. त्या त्याच होत्या की दुसऱ्या कोणी, ते आम्हाला माहीत नव्हतं. त्या शुक्रवारी काकांनी फक्त आवाज ऐकला होता. काका म्हणाले, "डॉक्टरांना पत्र द्यायचंय." तेवढ्यात पुढच्या पेशंटला बोलवायला डॉक्टरबाई स्वतःच बाहेर आल्या. चाळिशीच्या, दमलेल्या दिसत होत्या. काकांना पाहून त्या जागच्या जागी थांबल्या. तक्रार झाल्यापासून दोघं समोरासमोर आले नव्हते.

काकांनी पत्र पुढे केलं. मग ते उघडायची वाट न बघता तोंडानेच सांगितलं, तुटक डचमध्ये. मला मधे बोलावं लागलं नाही.

डॉक्टरबाईंनी पत्र उघडलं नाही. त्या म्हणाल्या, "तरी त्या शुक्रवारी मी स्वतः फोन घेतला असता तर, असं मला वाटत राहिलं आहे."

"मी तुम्हालाही गुरुवारच सांगितला असता," काका म्हणाले.

बसलेल्या माणसांपैकी कोणी तरी खोकलं आणि सगळ्यांनी तिकडे पाहिलं. मग डॉक्टरबाईंनी विचारलं, "आणि तुम्ही कसे आहात, टिपणीस?"

"ठीक," काका म्हणाले, इथे सगळेच म्हणतात तसं. ते वळलेसुद्धा. मग परत फिरले. "नाही. झोप लागत नाही. जेवण जात नाही. ऑफिसात काल मी एक आकडा चार वेळा वाचला आणि तरी चुकीचा लिहिला."

"हे केव्हापासून?"

काकांनी लगेच उत्तर दिलं नाही. डॉक्टरबाई दारात उभ्या राहून थांबल्या, पुढचा पेशंट अर्धवट उठून पुन्हा बसला.

"नऊ एप्रिलपासून," काका म्हणाले. "गेल्या वर्षीच्या."

डॉक्टरबाईंनी असिस्टंटला मंगळवारची वेळ द्यायला सांगितलं. वीस मिनिटांची, नेहमीच्या दुप्पट.